लिटर बॉक्समध्ये कुत्रा तोंड घालतोय? आधी मांजराची वाट मोकळी करा, मग कुत्र्याची अडवा

घरात कुत्रा आणि मांजर एकत्र असले की हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. मांजर लिटर (त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये भरलेली माती) उकरून बाहेर येतं, त्याने पाठ फिरवायचा अवकाश, की कुत्रा आत तोंड घालून मोकळा होतो. त्याच्या नाकाला चिकटलेले कण बघून घरचे हबकतात, त्याच दिवशी बेबी गेट मागवतात आणि आलं की लगेच दारात बसवतात. कुत्रा अडतो. पण चार दिवसांनी सोफ्यामागून वास यायला लागतो, कारण त्या गेटने मांजरालाही अडवलेलं असतं.

आमच्या घरी मी नेमकं हेच केलं होतं. चिकू ही १८ किलोची देशी कुत्री आणि काजळ ही साडेतीन किलोची मांजरी. गेट लागलं आणि काजळने बाथरूम सोडून धुवायच्या कपड्यांची टोपली धरली. पुढे सगळं काढून नव्याने केलं तेव्हा लक्षात आलं की वस्तू बरोबर होत्या, क्रम चुकला होता. म्हणून इथे क्रम सांगते: मोजमाप, जागा, मांजराची नवी वाट, ती अंगवळणी पडल्यावर कुत्र्याचा अडसर, आणि त्यानंतर कुत्र्याला शिकवणं. सगळं नीट बसायला साधारण ३ आठवडे धरा.

कुत्रा हे का करतो याचं उत्तर सरळ आहे. मांजराच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी कुत्र्याच्या खाण्यापेक्षा जास्त असतात आणि त्याचा वास विष्ठेलाही असतो. कुत्र्याच्या लेखी ते खाणंच असतं, त्यामुळे रागावून हे सुटत नाही. पण चालवून घेण्यासारखंही नाही. मांजराच्या विष्ठेतून गोलकृमी, अंकुशकृमी, जिआर्डिया हा परजीवी आणि साल्मोनेला हे जिवाणू कुत्र्यापर्यंत पोचू शकतात. ओलं झालं की गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर जास्त प्रमाणात पोटात गेलं तर तिथेही गोळा होतं आणि आतडं अडू शकतं. आणि दाराशी टपून बसलेला कुत्रा दिसला की मांजर शू रोखून धरायला लागतं, हे मला सगळ्यांत गंभीर वाटतं.

## १. आज संध्याकाळपासूनचा तात्पुरता बंदोबस्त

पक्की सोय व्हायला वेळ लागेल. तोवर तीन गोष्टी करा.

मांजराचं उरकलं की लगेच स्कूपने (लिटरच्या जाळीदार पळीने) घाण काढा. निरोगी मांजर साधारणपणे दिवसातून एकदा शी आणि २ ते ४ वेळा शू करतं, म्हणजे हे काम वाटतं तितकं मोठं नाही. बहुतेक मांजरांची वेळ ठरलेली असते, बऱ्याचदा जेवणानंतरची. दोन-तीन दिवस लक्ष ठेवलं की ती कळते.

रात्री कुत्र्याला तुमच्या खोलीत घेऊन दार लावून झोपा. मांजर आणि लिटर बॉक्स बाहेरच राहू द्या. रात्रीची चोरी याने थांबते, आणि यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही.

घरी कोणी नसेल तेव्हा कुत्रा एका खोलीत आणि मांजर दुसऱ्या, असं ठेवा. बॉक्स मांजराच्या बाजूला.

सावधान: घाबरून लिटर बॉक्सच्या खोलीचं दार लावून टाकू नका. मांजर बाहेर अडकलं तर ते शू रोखतं नाहीतर गादीवर करतं. बोक्याच्या बाबतीत शू अडणं जिवावर बेतू शकतं. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

स्कूप केलेली पिशवी बाल्कनीत किंवा उघड्या डब्यात ठेवली तर कुत्रा तीच फाडतो. झाकणाचा डबा घ्या आणि तो सिंकखालच्या कपाटात किंवा उंचावर ठेवा.

## २. टेप घ्या आणि दोघांनाही मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग आणलेलं गेट परत करत बसतात. पाच मापं हवी आहेत. कागदावर लिहून फ्रिजला लावा.

मांजराची रुंदी: ते उभं असताना खांद्यांशी आणि पोटाशी, जिथे जास्त भरेल तिथे. मिशांच्या रुंदीवरून भोक कापू नका, जाड मांजराच्या मिशा त्याच्या पोटाइतक्या रुंद नसतात.

मांजराची लांबी: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. बॉक्सची लांबी याच्या दीडपट हवी. ४५ सेंटीमीटरच्या मांजराला साधारण ६८ सेंटीमीटरचा बॉक्स लागतो आणि दुकानातले बरेच ट्रे त्याहून लहान असतात. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स घेऊन त्याची एक बाजू कापली की काम होतं. उंबरा १२ सेंटीमीटर ठेवा, म्हाताऱ्या मांजरासाठी ७-८. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून तिच्यावर टेप लावा.

कुत्र्याच्या डोक्याची रुंदी: तो शांत बसलेला असताना दोन्ही गालांना दोन जाड पुस्तकं हलकेच टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. जिथून डोकं जातं तिथून लहान कुत्र्याचं अंगही जातं, आणि मोठ्या कुत्र्याला तर नुसतं डोकं आत गेलं तरी पुरतं.

कुत्र्याची पोच: नाकाच्या टोकापासून खांद्यापर्यंत. भोकातून मान घालून तो इतक्या आतवर पोचणार.

कुत्र्याची उंच पोच: मागच्या पायांवर उभा राहिला तर नाक जमिनीपासून कितीवर जातं.

सावधान: पुठ्ठ्याला भोक पाडून पलीकडे बिस्किट धरायचं आणि कुत्रा जातो का बघायचं, असली चाचणी घेऊ नका. भोकात घुसलं की खाऊ मिळतो, एवढंच तो यातून शिकतो.

तपासा: कुत्र्याचं डोकं मांजराच्या अंगापेक्षा निदान ३-४ सेंटीमीटर रुंद आहे का? असेल तर फट किंवा भोक यावर भागेल. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या कुत्र्यांबाबत असायची शक्यता जास्त, तरी मोजूनच ठरवा. पोमेरेनियन, शिह त्झू, डॅशहाउंड किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल तर दोघांची मापं जवळजवळ सारखी भरतात. अशा घरात फटीचा नाद सोडा आणि थेट उंचीचा उपाय वाचा.

## ३. जागा ठरवा

चांगल्या जागेला तीन गोष्टी लागतात: मांजराला दोन बाजूंनी बाहेर पडता यावं किंवा निदान आत बसून दाराकडे बघता यावं, वॉशिंग मशीनसारखा अचानक आवाज नसावा, आणि मांजराचं जेवण तिथे नसावं. शेवटची अट फार घरांत मोडते. कुत्रा मांजराचं खाणंही चोरतो म्हणून लोक दोन्ही एकाच गेटमागे, चार फुटांच्या बाथरूममध्ये ठेवतात. मांजर जेवणाच्या ताटाशेजारी शी करायचं टाळतं. खाण्याची वाटी ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा कपाटावर चढवा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बॉक्स बहुतेक वेळा दोन जागी असतो. कॉमन बाथरूम असेल तर अंघोळीचं पाणी ट्रेपर्यंत जाणार नाही असा कोपरा बघा, किंवा ट्रेखाली लाकडी पाट ठेवा. ओल्या फरशीवरून जायचं बरीच मांजरं टाळतात. ड्राय बाल्कनी चालते, पण तिला जाळी असेल तरच, आणि पावसाची झड आत येत नसेल तरच. भिजलेलं बेंटोनाइट म्हणजे चिखल. ते कमोडमध्ये किंवा मोरीच्या जाळीत टाकू नका, पाइपात घट्ट बसतं आणि प्लंबर बोलवावा लागतो.

बॉक्सची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त ठेवावी असा सर्वसाधारण नियम आहे. एका मांजराला दोन. लहान घरात हे जड वाटेल, पण पुढची ५वी पायरी दुसऱ्या बॉक्सशिवाय होत नाही. तेवढ्या ३ आठवड्यांपुरता तरी तो ठेवाच.

तपासा: नव्या जागी जमिनीवर बसा आणि मांजराच्या उंचीवरून बघा. कुत्रा दाराशी आला तर मांजर कुठून निसटेल? एकही वाट दिसली नाही तर जागा बदला.

## ४. अडसर निवडा, पण अजून लावू नका

एकच निवडा. मी खाली माझ्या पसंतीच्या क्रमाने देते आहे.

दाराचा आकडा. सगळ्यांत स्वस्त, आणि डोकं मोठं असलेल्या कुत्र्यासाठी सगळ्यांत भरवशाचा. दार १२ ते १५ सेंटीमीटर उघडं राहील आणि तेवढंच राहील अशी सोय करायची. इथे लोक साखळी आणतात. साखळी दार जास्त उघडू देत नाही, पण वाऱ्याने ते धाडकन बंद होणं थांबवत नाही, आणि मग मांजर आत तरी कोंडतं किंवा बाहेर तरी राहतं. हार्डवेअरच्या दुकानातून १५-२० सेंटीमीटरचा कडक लोखंडी किंवा स्टीलचा आकडा आणि त्याची कडी घ्या. खिडक्यांच्या झडपांना असतो तोच. कडी चौकटीत, आकडा दारावर, उंची तुमच्या कमरेइतकी. असा आकडा दाराला दोन्हीकडे हलू देत नाही. बाथरूमची चौकट ग्रॅनाइटची असेल तर ड्रिल करणाऱ्याला बोलवा. चिकटपट्टीचे हुक मोठ्या कुत्र्याच्या धक्क्याला टिकत नाहीत. बाथरूम माणसांनाही लागतं, म्हणून आकडा काढून नेहमीची कडी लावता येईल हे बघा, आणि बाहेर येताना आकडा परत अडकवायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. दारावर डोळ्यांच्या उंचीवर चिठ्ठी लावा. पाहुण्यांना तर सांगावंच लागतं.

उचलून बसवलेलं गेट. बेबी गेटच्या गजांत साधारण ५-६ सेंटीमीटर अंतर असतं, त्यातून मोठं मांजर जात नाही. त्यामुळे गेट जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर बसवा म्हणजे मांजर खालून जाईल, किंवा खाली छोटी झडप असलेलं गेट घ्या. "मांजर उडी मारेल की" यावर अवलंबून राहू नका. आज मारेल, पाय दुखला, वय झालं की मारणार नाही, आणि तुम्हाला ते गादी ओली झाल्यावर कळेल. दाबाने बसणारं गेट गुळगुळीत टाइल्सवर सरकतं. कुत्रा १० किलोच्या वर असेल तर स्क्रूने बसणारं घ्या. बीगलसारखा पोटावर सरपटणारा कुत्रा असेल तर १५ सेंटीमीटरही जास्त ठरू शकतात, तुमच्या कागदावरचं माप बघा.

उंची. लहान कुत्र्यांच्या घरात हाच खरा उपाय. ७५-९० सेंटीमीटर उंचीचं मजबूत टेबल किंवा वॉशिंग मशीनशेजारचा कट्टा, त्यावर बॉक्स, आणि मांजराला चढायला मधे एक पायरी. ती पायरी कुत्र्याला चढता येणार नाही इतकी उंच आणि अरुंद हवी. टेबल डुगडुगत असेल तर मांजर एकदाच चढेल. खुर्च्या लांब सरकवा, नाहीतर डॅशहाउंडसुद्धा खुर्चीवरून वाट काढतो. पाच-सहा महिन्यांखालचं मांजराचं पिल्लू, दहा-बारा वर्षांचं मांजर, गरोदर किंवा लठ्ठ मांजर यांच्यासाठी उंची नको.

सुताराकडून पेटी. हॉलमध्येच बॉक्स ठेवावा लागत असेल तर हे करा. प्लायवुडची लांब पेटी, ट्रेची लांबी आणि कुत्र्याची पोच दोन्ही मावतील एवढी. एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला ट्रे, आणि दोघांच्या मधे अर्धी आडवी भिंत, म्हणजे मांजर वळसा घालून जातं आणि कुत्र्याची मान वळत नाही. भोकापासून ट्रेपर्यंतचं अंतर कुत्र्याच्या पोचेपेक्षा जास्त पाहिजे. भोक मांजराच्या रुंदीपेक्षा ३-४ सेंटीमीटर मोठं, बहुतेक देशी मांजरांना १६ पुरतं. आतून सनमायका लावून घ्या, नाहीतर प्लाय शू पितं आणि तो वास पुन्हा निघत नाही. वरचं झाकण बिजागरीचं करा. सुतार झाकण खिळ्यांनी पक्कं करून देतो आणि मग साफ करायला हात जात नाही, हे आधीच बजावून सांगा. मागच्या भिंतीला वरच्या अंगाला हवेसाठी भोकं पाडून घ्या.

चिपवर उघडणारी झडप. मांजराच्या मायक्रोचिपने किंवा गळ्यातल्या टॅगने उघडते. दार कापावं लागतं, बॅटरी लागते, किंमत जास्त. दोघांची मापं सारखी आहेत आणि मांजर म्हातारं आहे, म्हणजे फटही चालत नाही आणि उंचीही चालत नाही, अशा घराला मात्र याशिवाय गत्यंतर नाही.

झाकणाचे तयार बॉक्स मी या यादीत धरलेले नाहीत. मोठा कुत्रा झडप नाकाने ढकलतो, आत वास कोंडतो, आणि आत बसलेल्या मांजराला बाहेर पडायला एकच तोंड असतं, ज्याच्यासमोर कुत्रा उभा. वरून उतरायचा बॉक्स आखूड पायांच्या कुत्र्यासमोर चालतो, लॅब्राडोर मात्र फक्त मान खाली घालतो.

हे अजिबात करू नका: लिटरमध्ये किंवा भोवती मिरची पूड, मिरी, डांबरगोळ्या, कापूर किंवा फिनाईल टाकणं. डांबरगोळ्या आणि कापूर दोघांनाही विषारी आहेत. फिनाईल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली अँटिसेप्टिक द्रवं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं. मिरचीने मांजराचे पंजे आणि डोळे चुरचुरतात, आणि ते बॉक्स कायमचा सोडून देतं.

## ५. मांजराला नवी वाट द्या (आठवडा १ आणि २)

इथे घाई झाली की पुढचं सगळं कोलमडतं. या दोन आठवड्यांत अडसर अजून अडवत नाही. तुम्ही पहिल्या पायरीतला तात्पुरता बंदोबस्त चालू ठेवता.

दिवस १: नव्या जागी दुसरा बॉक्स ठेवा. लिटर तेच, जाडी ५ ते ७ सेंटीमीटर. जुन्या बॉक्समधले शूचे एक-दोन गोळे त्यात टाका म्हणजे मांजराला ओळखीचा वास येईल. जुना बॉक्स जागेवरच.

दिवस २ ते ५: मांजर नवा बॉक्स हुंगेल, कदाचित वापरेल. उचलून आत नेऊन बसवू नका. आत गेलं तर बाहेर आल्यावर आवडीचा घास द्या.

दिवस ६ ते ८: आता अडसर लावा, पण सैल. दार आकड्याच्या ऐवजी ३० सेंटीमीटर उघडं ठेवा आणि मागे-पुढे वीट ठेवून अडवा. झडप असेल तर ती टेपने वर चिकटवून पूर्ण उघडी ठेवा. पेटी असेल तर झाकण काढून ठेवा.

दिवस ९ ते १३: दर दिवसाआड थोडं आवळा. ३० वरून २४, मग १८, मग १५. झडप आधी अर्धी, मग पूर्ण खाली. प्रत्येक वेळी पलीकडून वाटी वाजवून मांजराला फटीतून बोलवा. काजळ २४ पर्यंत सहज आली आणि १८ ला थबकली. तिथे आम्ही चार दिवस थांबलो. मांजर थबकलं की मागच्या मापावर परत जा, त्याला ढकलू नका.

दिवस १४: नवा बॉक्स सलग ३ दिवस वापरला गेला असेल तर जुना उचला. ते घडलं नसेल तर जुना राहू द्या.

सावधान: याच काळात लिटरचा प्रकार बदलू नका. बेंटोनाइटवरून टोफू किंवा लाकडी पेलेटवर जायचं असेल तर ते अडसर स्थिरावल्यावर करा, आणि ७-१० दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या. टोफू, मका, गहू यांचं लिटर कुत्र्याला जास्त खावंसं वाटतं हेही लक्षात ठेवा. सुवासिक लिटर आणि लिंबाच्या वासाचं क्लीनर मांजरांना सहसा आवडत नाही.

तपासा: रोजच्या शूच्या गोळ्यांची संख्या त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहा. आधी ३ असायचे आणि आता १ दिसतो, तर मांजर कुठेतरी दुसरीकडे जातंय किंवा रोखून धरतंय.

## ६. आता कुत्र्याची वाट बंद करा

मांजर शेवटच्या मापातून न थांबता जा-ये करतंय हे दिसल्यावरच आकडा लावा. पहिले दोन दिवस घरी थांबता येईल असे निवडा, शनिवार-रविवार चांगले.

लावण्याआधी बॉक्स पूर्ण रिकामा करून गरम पाणी आणि साध्या साबणाने धुवा, वाळवा, ताजं लिटर भरा आणि त्यात जुनं मूठभर मिसळा. ब्लीच वापरू नका. मांजराच्या शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वाफा निघतात.

कुत्रा पहिले काही दिवस प्रयत्न करणारच: नाक घुसवणं, पंजाने दार ओढणं, फटीशी बसून कण्हणं. यात एकदाही यश मिळालं तर तो पुढचे कित्येक दिवस चिकाटीने लागतो. म्हणून आकड्याचा स्क्रू, गेटचा दाब, झाकणाची कडी रोज सकाळी हलवून बघा.

तपासा: कुत्रा फटीसमोर आडवा झोपतो का? अडसर शाबूत असला तरी मांजर त्याला ओलांडून जाणार नाही. दारापासून ४-५ फुटांवर कुत्र्याचं अंथरूण हलवा, आणि फटीसमोर स्टूल किंवा कुंडी अशी ठेवा की त्याला पसरायला जागा उरणार नाही पण मांजर बाजूने जाईल.

## ७. कुत्र्याला शिकवा: "सोड" आणि उकरण्याचा आवाज

शिक्षण अडसराच्या जागी चालत नाही, त्याच्या जोडीला चालतं. कारण आकडा एखाद्या दिवशी कोणीतरी विसरणारच.

आधी शब्द ठरवा. आजी "हाड" म्हणते, मुलगा "नो" म्हणतो, तुम्ही "अरे नको ना" म्हणता, तर कुत्र्याच्या पदरी काही पडत नाही. आमच्याकडे सगळ्यांनी "सोड" धरलं.

मुठीत साधा खाऊ बंद करून कुत्र्यासमोर धरा. तो चाटेल, पंजा मारेल. गप्प राहा. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी "शाब्बास" म्हणून दुसऱ्या हातातला जास्त चांगला घास द्या, उकडलेलं चिकन किंवा पनीर. मुठीतला खाऊ कधीच द्यायचा नाही. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवसांत नाक आपोआप मागे जायला लागतं, तेव्हा "सोड" हा शब्द जोडा. मग खाऊ जमिनीवर, तळहाताखाली. मग उघडा, कुत्रा पट्ट्यात. मग पट्ट्यात घेऊन ताज्या, स्वच्छ लिटरच्या ट्रेजवळून चाला. घाणेरड्या ट्रेवर सराव नको, तिथे तो जिंकला तर तुमचा आठवडा गेला.

दुसरा भाग मला जास्त उपयोगी वाटला. मांजर लिटर उकरतं तो खरखर आवाज कुत्र्यासाठी जेवणाची घंटा झालेला असतो. ती घंटा तुमच्याकडे वळवा. आवाज आला की लगेच "चिकू, ये" म्हणून हाक मारा आणि आल्यावर घसघशीत खाऊ द्या, बॉक्सपासून लांब, दुसऱ्या खोलीत. दर वेळी. दोन-तीन आठवड्यांनी आवाज आला की चिकू हाकेआधीच स्वयंपाकघरात येऊन उभी राहायला लागली.

चुका: तोंडात असताना अंगावर धावून जाऊ नका, तो घाईने गिळतो आणि पुढच्या वेळी लपून खातो. नाक घासणं, चापट मारणं याने तो तुम्हाला घाबरतो, विष्ठेला नाही. तोंडाला जाळी बांधून एकटं सोडू नका. त्याला धापा टाकता आल्या नाहीत तर उन्हाळ्यात ते धोक्याचं. मांजराच्या खाण्यात अननस वगैरे मिसळायचे उपाय सांगितले जातात, त्यावर वेळ घालवू नका. मांजर तर जेवणालाच तोंड लावणार नाही.

कुत्र्याच्या जेवणाकडेही बघा. दूध-चपाती किंवा नुसता भात यावर असलेल्या कुत्र्याला प्रथिनं कमी पडतात. दिवसाचं जेवण दोन वेळांत विभागा, रिकाम्या वेळेला चघळायला काही द्या, आणि फिरायला नेणं वाढवा.

## ८. डॉक्टरांकडे कधी जायचं

या पायऱ्या सुरू करतानाच दोघांचं जंतांचं औषध झालं आहे का बघा आणि पुढची तारीख ठरवून घ्या. कुत्र्याने हे अचानक सुरू केलं असेल, सोबत भूक वाढून वजन घटत असेल, पातळ जुलाब होत असतील किंवा तो स्टेरॉइडवर असेल, तर आधी तपासणी करा. स्वादुपिंडाचे विकार आणि मधुमेह यांतही भूक अशी वाढते.

लिटर खाल्ल्यानंतर उलट्या, जेवणाला तोंड न लावणं, पोट ताठ होणं, जोर करूनही शी न होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. किती आणि कोणत्या प्रकारचं लिटर खाल्लं ते सांगा, पाकीट सोबत न्या. मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढू नका.

मांजर, विशेषतः बोका, पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, लिंग चाटतोय आणि शू येत नाही किंवा थेंबभरच येते, तर त्याच तासात निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मूत्रमार्ग पूर्ण अडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ताण हे यामागचं एक कारण असतं, आणि ट्रेपाशी टपलेला कुत्रा हा मांजराला मोठाच ताण आहे.

घरात कोणी गरोदर असेल तर स्कूप दुसऱ्याने करावं, आणि ते रोज व्हावं. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर १ ते ५ दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून रोज साफ झालेल्या ट्रेचा धोका कमी. लिटरमध्ये लोळलेल्या किंवा तोंड घातलेल्या कुत्र्याच्या केसांवरून आणि तोंडावरूनही तो घरात पसरू शकतो. अशा दिवशी कुत्र्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा, आणि मुलांना त्याच्याकडून गाल चाटून घेऊ देऊ नका.

## ९. महिनाभराने पुन्हा एक फेरी

फ्रिजवरचा कागद काढून परत मोजा. कुत्र्याचं पिल्लू असेल तर त्याची ताकद आणि पोच वाढली असेल आणि अडसर आणखी भक्कम करावा लागेल. मांजराचं वजन वाढलं असेल तर फट सैल करावी लागेल; भोकाच्या कडेला पोटाचे केस चिकटलेले दिसले की ती खूण समजा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि आकडा बसेनासा होतो, तेव्हा कडी चौकटीत अर्धा सेंटीमीटर सरकवून घ्या. आणि मांजर आठ-नऊ वर्षांचं झालं की उंचावरचा बॉक्स त्याला अजून सोपा जातोय का, हे उतरताना त्याचे पुढचे पाय बघून ठरवा. उतरण्याआधी ते कडेवर थांबून अंदाज घ्यायला लागलं असेल, तर मधे आणखी एक पायरी बसवा.